शहाबादी फरशी, वाडीचे सिमेंट आणि हरित कर्ज

बीदर, भालकी, आळंद, कलबुर्गी या पट्ट्यातील आपल्या जुन्या वाड्यांत शहाबादी फरशी नाही असे घर विरळाच. भिंती जांभ्याच्या असोत की पांढऱ्या मातीच्या, पायाखाली मात्र तीच करडी-निळसर, उन्हाळ्यात गार राहणारी फरशी. पुण्या-मुंबईच्या चाळींचे जिने आणि मराठवाड्यातील देवळांचे सभामंडपही तिनेच घातले. ही फरशी म्हणजे भीमेच्या खोऱ्यातील चुनखडीचा थर. त्याच थराची चुनखडी वाडी, मळखेड, सेडम आणि चिंचोळीच्या भट्ट्यांत जाते व तिचे सिमेंट होते. एकच दगड, फरशी म्हणून अंथरला तर शंभर वर्षे निमूट पडून राहतो, भट्टीत घातला तर त्याचा जवळपास निम्मा भाग आकाशात जातो.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली तर छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. भट्टीला कोळसा लागतो, त्याचा धूर वेगळाच. म्हणूनच सिमेंटचा धंदा हवामानाच्या चर्चेत नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात असतो. कोळशाऐवजी उद्या सूर्याच्या उष्णतेवर भट्टी चालविली, तरी दगडातून निघणारा वायू निघणारच.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत 'हरित वित्त' हा शब्द आपल्या कानांवर पडू लागला आहे. पर्यावरणाला उपकारक कामासाठी, किंवा अपकार कमी करण्याच्या अटीवर दिलेले कर्ज, अनुदान, रोखे, ठेवी हे सारे त्यात येते. विकसनशील देशात अशा पैशाने खरोखर उत्सर्जन घटते का, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाला काही ठोस उत्तर देता येते, असे मला वाटते. बाहेरचा पैसा, कोळसा आणि दगड यांची गाठ येथे दीडशे वर्षांपूर्वीच पडलेली आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट. कर्जाच्या अटीत उद्योगाचे स्वरूप पाहावे, ही कल्पना नवीन नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या ऋणविषयक प्रकरणात तारण असलेल्या कर्जाला महिन्याला ऐंशीवा भाग व्याज सांगितले आहे. अरण्यातून माल नेणाऱ्याला शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस. धोका जितका मोठा, तितका दर चढा. या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्याच्या काळात कल्याणीस, म्हणजे आपल्या बसवकल्याणास लिहिली आणि पुढे भारताच्या मोठ्या भागाचा वारसा कायदा तिच्यावर उभा राहिला. आपल्याकडचे लोक मिताक्षरेचे नाव वाटणीच्या दाव्यांत ऐकतात. तिच्यात व्याजाचाही विचार आहे हे सहसा कोणी सांगत नाही. आज सावकार बदलला आहे. तो अरण्य आणि समुद्र यांच्याबरोबर धूरही मोजतो, किंवा मोजतो असे म्हणतो.

आधुनिक अर्थाने बाहेरचे भांडवल या भागात आले ते रेल्वेच्या रुळांवरून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-रायचूर मार्ग कलबुर्गी, शहाबाद, वाडी असा गेला आणि १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा निजामाचा फाटा सुरू झाला. पैसा उभारण्यासाठी लंडनच्या बाजाराकडे पाहावे लागले. पुढे १८८३ मध्ये 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' ही कंपनी झाली. 'गॅरंटीड' या शब्दातच सारा करार आला: भांडवल परक्यांचे, त्यावरील व्याजाची हमी निजाम सरकारच्या खजिन्याची. नफा झाला नाही तरी व्याज चुकत नसे, आणि ते शेवटी येई शेतसाऱ्यातून, अर्थात आपल्याच पणजोबांच्या जोंधळ्या-तुरीतून.

या व्यवहाराला विरोधही झाला. रेल्वे चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपुरापर्यंत नेण्याची जी योजना होती, तिच्या अटी जनतेपुढे मांडाव्यात अशी मागणी १८८३ मध्ये हैदराबादेत झाली. तिच्या अग्रभागी होते डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांना संस्थानातून बाहेर घालविण्यात आले. मागणी काय होती? कर्ज कोणाकडून, कोणत्या अटींवर, कोणाच्या जिवावर, एवढेच सांगा. आपल्या प्रदेशातील सार्वजनिक चळवळीचा इतिहास लिहिताना हा प्रसंग बहुधा दोन ओळींत उरकला जातो; माझ्या मते त्याला याहून मोठी जागा हवी.

रेल्वेमागून कोळसा आला. १८८६ मध्ये हैदराबाद डेक्कन कंपनीला खाणींचे हक्क मिळाले, सिंगरेणीचा कोळसा निघू लागला, १९२० मध्ये सिंगरेणी कोलियरीज कंपनी झाली. कोळसा, चुनखडी आणि रूळ ही तिन्ही जवळ आल्यावर सिमेंट व्हायचेच होते. १९२०च्या दशकात टाटा समूहाची शहाबाद सिमेंट कंपनी उभी राहिली आणि १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन 'असोसिएटेड सिमेंट कंपनीज', म्हणजे एसीसी, बनली तेव्हा शहाबाद तिच्यात होते. रेल्वे निजाम सरकारने १९३० मध्ये विकत घेतली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५६ मध्ये बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. सोयरीक एका राज्यात आणि सातबारा दुसऱ्यात, ही आपल्या घराघरांतील स्थिती तेव्हापासूनची. चुनखडीचा पट्टा मात्र बहुतांशी कलबुर्गीकडे राहिला.

वाडीचा कारखाना १९६८ चा. १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले आणि त्या दशकात मळखेडला राजश्री, सेडमला वासवदत्ता असे कारखाने आले. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. अमोघवर्षाच्या राजधानीचे अवशेष कागिणा नदीच्या काठी आहेत आणि जवळच चिमण्या आहेत. पुढे वाडीला नवा मोठा कारखाना झाला, चिंचोळी तालुक्यात आणखी काही आले. या भट्ट्यांनी कलबुर्गीला रोजगार दिला, महसूल दिला, तुरीच्या शेतांवर धूळही दिली. येथे मला फक्त कार्बनचा हिशेब मांडायचा आहे. धुळीची कहाणी स्वतंत्र आहे आणि ती त्या गावच्या माणसांनीच लिहावी.

१९९७ मध्ये जपानातील क्योटो येथे करार झाला आणि तो फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला. त्यातील एका तरतुदीने श्रीमंत देशांना अशी मुभा दिली की स्वतःचे उत्सर्जन घटविण्याऐवजी गरीब देशात घट घडवून आणा आणि तिचे प्रमाणपत्र विकत घ्या. 'स्वच्छ विकास यंत्रणा' असे तिचे नाव. हरित पैसा आपल्या भागातील एखाद्या चिमणीपर्यंत पोचला तो पहिल्यांदा या वाटेने. एसीसीने नवीन वाडी आणि देशातील आणखी काही कारखान्यांतील मिश्र सिमेंटचा प्रकल्प या यंत्रणेत नोंदविला. कल्पना साधी होती. सिमेंटमधील भाजलेल्या क्लिंकरचा काही भाग काढून त्याजागी औष्णिक वीज केंद्रातील राख मिसळायची. जितके क्लिंकर कमी, तितका दगड कमी भाजला, तितका वायू कमी.

वायू कमी होतो हे खरे. परंतु राख क्लिंकरपेक्षा स्वस्त असते. जे काम करण्यात कारखान्याचा स्वतःचाच फायदा आहे, ते काम प्रमाणपत्राच्या पैशाविना झाले नसते का? या यंत्रणेतील सर्वांत अवघड प्रश्न हाच होता. शासकीय नोकरीत माझी बरीच वर्षे जिल्हा नियोजनाच्या कागदांत गेली. अनुदान येण्याआधीच खोदलेल्या विहिरींवर अनुदान मागणारे अर्ज मी पुष्कळ पाहिले. विहीर खरी असते, पाणीही खरे असते, फक्त अनुदानाने ती खोदली गेली हे खरे नसते. तेव्हा अशा प्रकल्पांच्या घटीपैकी किती घट त्या पैशाची आणि किती बाजारभावाची, हे सांगणे कठीण. शिवाय हा बाजार टिकलाही नाही. २००८ मध्ये टनाला वीस युरोंच्या वर असलेला प्रमाणपत्राचा भाव २०१२ संपता संपता एका युरोच्याही खाली गेला. भावावर भिस्त ठेवून ज्यांनी यंत्रे मागविली त्यांचे काय झाले असेल, हे आपल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता आकडे पाहू, कारण खरा मुद्दा त्यांत आहे. भारतीय सिमेंट उद्योगात १९९६ मध्ये एक टन सिमेंटमागे सुमारे १.१२ टन कार्बन डायऑक्साइड निघत असे. २०१० मध्ये हे प्रमाण ०.७२ टनांवर आले. नवी यंत्रे, कोरडी पद्धत, राखेचे मिश्रण ही त्याची कारणे. टनामागे एक तृतीयांशाहून जास्त घट, म्हणजे कामगिरी मोठीच. पण १९९६ च्या सुमारास देशात साडेसात कोटी टनांच्या आसपास सिमेंट होत असे आणि २०१० मध्ये ते एकवीस कोटी टनांच्या पुढे गेले. गुणाकार केला तर एकूण वायू साडेआठ कोटी टनांच्या आसपास होता तो पंधरा कोटींवर गेला. टनामागे घट, एकूणात वाढ. आज देशाचे उत्पादन वर्षाला पंचेचाळीस कोटी टनांच्या घरात आहे. 'उत्सर्जन घटले' असे वाक्य कोणत्याही अहवालात आले की मी आधी शोधतो, टनामागे की एकूण? बहुतेक वेळा ते टनामागे असते.

यात सिमेंट कंपन्यांना दोष देण्यासारखे फारसे नाही. घरकुल, शाळा, पूल, रस्ते ही मागणी आपलीच आहे. संविधानाच्या ३७१(जे) अनुच्छेदान्वये २०१२-१३ पासून या प्रदेशाला विशेष दर्जा मिळाला आणि त्यामागून आलेल्या विकासनिधीचा मोठा भाग बांधकामातच गेला. जो प्रदेश मागे राहिला म्हणून ओरडतो त्याला सिमेंट लागणारच. विकसनशील अर्थव्यवस्थेतील हरित वित्ताची अडचण नेमकी ही आहे की वाढीचा वेग घटीच्या वेगाला मागे टाकतो.

या अडचणीचे अलीकडचे उदाहरण मळखेडशी संबंधित आहे. राजश्री सिमेंट आता अल्ट्राटेक कंपनीचे आहे. सेडमचा वासवदत्ता कारखानाही २०२५ मध्ये तिच्याकडे आला. या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशी बाजारात चाळीस कोटी डॉलरचे, दहा वर्षे मुदतीचे, 'शाश्वतता-संलग्न' रोखे विकले. व्याज २.८० टक्के. अट अशी, की २०१७ च्या तुलनेत मार्च २०३० पर्यंत टनामागचे थेट उत्सर्जन २२.२ टक्क्यांनी घटवू; न घटविल्यास व्याज पाऊण टक्क्याने वाढेल. मिताक्षरेतील अरण्य-समुद्राच्या दराची आठवण यावी असाच हा करार आहे.

आता त्याचे वजन करून पाहू. लक्ष्याची तारीख मार्च २०३० आणि रोख्यांची मुदत संपते २०३१ च्या आरंभी. म्हणजे लक्ष्य चुकले तरी वाढीव व्याज फार तर अखेरच्या वर्षाचे. चाळीस कोटींवर पाऊण टक्का म्हणजे तीस लाख डॉलर. आपल्या पैशांत पंचवीसएक कोटी रुपये. एवढ्या मोठ्या कंपनीला ही शिक्षा म्हणावी की शिस्तीची आठवण? दुसरे असे, की रोखे काढताना कंपनीची क्षमता वर्षाला सुमारे अकरा-साडेअकरा कोटी टन होती आणि २०२५ मध्ये ती अठरा कोटींच्या पुढे गेली. यातील काही वाढ दुसऱ्यांचे चालू कारखाने विकत घेऊन झाली, तेव्हा ती सगळी देशाच्या खात्यावर नवी म्हणून मांडता येणार नाही. शिवाय क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. तरीही टनामागे बावीस टक्के घट आणि टनांत पन्नास-साठ टक्के वाढ यांचा मेळ घालणाऱ्याला एकूण घट सापडणार नाही. करारात एकूण घटीचे वचन नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कंपनीने जे म्हटले नाही ते आपण तिच्या तोंडी का घालावे?

मग या पैशाने काहीच झाले नाही का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. असे रोखे काढणाऱ्याला दरवर्षी आकडा जाहीर करावा लागतो, त्याची त्रयस्थाकडून तपासणी करून घ्यावी लागते. भट्टीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करण्याचे संच, सौर पटल, कोळशाऐवजी टाकाऊ पदार्थ जाळण्याची सोय ही कामे अशा अटींमुळे पुढे सरकतात, लांबणीवर पडत नाहीत. चिंचोळी तालुक्यातील छत्रसाल येथे फ्रान्सच्या विका समूहाने उभारलेल्या कलबुर्गी सिमेंटमध्ये जागतिक बँक परिवारातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचा पैसा होता. अशा संस्थांचा पैसा घेतला की त्यांचे पर्यावरणाचे नियमही घ्यावे लागतात. चीनमध्ये २०१२ साली बँकांना हरित कर्जाची मार्गदर्शक सूत्रे घालून दिली गेली आणि धूर ओकणाऱ्या उद्योगांना कर्ज मिळणे अवघड केले गेले. तेथील अभ्यासांतून असे दिसते की परिणाम झाला तो बव्हंशी घाण धंद्याचे कर्ज महाग झाल्यामुळे. चांगल्या धंद्याला स्वस्त कर्ज देण्याचा परिणाम त्यामानाने सौम्य. आपल्याकडे दुसरी बाजू आहे, पहिली जवळपास नाही. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये हरित ठेवींचे नियम केले, केंद्र सरकारने त्याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत सोळा हजार कोटींचे हरित रोखे विकले. परंतु कोळशावरील भट्टीला कर्ज देऊ नका असे कोणी म्हटलेले नाही. म्हणावे की नाही, यावर माझे मत निश्चित नाही. सेडमची भट्टी बंद झाली तर सेडमचा कामगार कोठे जाईल, याचे उत्तर बँकेच्या नियमावलीत नसते.

बीदरकडे वळले की दृश्य बदलते. येथे सिमेंट नाही, ऊस आहे. हळ्ळीखेडचा बीदर सहकारी साखर कारखाना, नारंजा, आणि भालकीजवळचा महात्मा गांधी कारखाना ही नावे आपल्या परिचयाची. उसाच्या वजनाचा तिसरा हिस्सा चिपाड, म्हणजे बगॅस, म्हणून उरतो. ते जाळून वाफ करायची, वाफेवर वीज, उरलेली वीज विकायची. केंद्राने यासाठी १९९४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि पुढे साखर विकास निधीतून कर्जेही दिली. चिपाडातला कार्बन उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला, त्यामुळे कोळशापेक्षा हा धूर हिशेबात निर्दोष. महाराष्ट्राच्या पश्चिमेकडील सहकारी कारखान्यांनी या योजनेचा चांगला उपयोग करून घेतला. आपल्याकडे अडचण पैशाच्या रंगाची नव्हती, ताळेबंदाची होती. ज्या कारखान्याला उसाचे बिल वेळेवर देता येत नाही, त्याला हरित कर्ज घेऊन वीजसंच बसविण्याचा सल्ला देणे म्हणजे उपाशी माणसाला व्यायाम सांगणे. शिवाय मांजरा आणि कारंजा यांच्या खोऱ्यात पाणी किती? २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, हे विसरण्याइतके जुने नाही. २०१८ पासून इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावर केंद्र व्याज-सवलत देते. पेट्रोल वाचते, कार्बनही काही वाचतो. पण पाण्याचा हिशेब त्या सवलतीच्या अर्जात कोठेच नाही.

बीदरची दुसरी ओळख छोट्या कर्जाची. येथील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महिला बचत गटांना कर्ज देण्यात देशभर नाव मिळविले. गुरुपादप्पा नागमारपळ्ळी यांचा त्यात मोठा वाटा. ते कर्ज म्हशीसाठी, शेळ्यांसाठी, मुलीच्या शिक्षणासाठी होते, हवामानासाठी नव्हे. परंतु अशा गटांना कार्बनचा पैसा मिळू शकतो हे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातील एका गावाने दाखविले. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, किनवटच्या पलीकडे, पॉवरगुडा नावाची गोंडांची वस्ती आहे. तेथील बचत गटाच्या स्त्रियांनी करंजीची रोपे लावली. करंजतेल डिझेलऐवजी वापरता येते. या तेलाने दहा वर्षांत जेवढे डिझेल वाचेल त्याचा हिशेब १४७ टन कार्बन डायऑक्साइड इतका मांडला गेला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये वॉशिंग्टनमधील एका परिषदेमुळे झालेल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून जागतिक बँकेने ती घट ६४५ डॉलरला विकत घेतली. त्या वेळच्या दराने तीसएक हजार रुपये. जगभर कौतुक झाले. रक्कम पाहिली तर विमानाच्या एका तिकिटाइतकी. परंतु परिषदेला गेलेल्या तज्ज्ञांच्या विमानाचा धूर गोंड स्त्रियांनी करंजी लावून फेडावा, यातील विनोद त्या कौतुकात हरवला. तरीही हा व्यवहार मला वाडीच्या प्रमाणपत्रांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. पैसा कोणाला मिळाला, कशासाठी मिळाला, हे गावातल्या कोणालाही सांगता येत होते.

कर्नाटकातील आणखी एक छोटे कर्ज नमूद केले पाहिजे. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा आणि सिंडिकेट या बँकांमार्फत घरगुती सौरदिव्यांसाठी व्याज-सवलतीचे कर्ज सुरू केले. सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली, आणि तोवर बँकांना या व्यवसायाची सवय झाली होती. चार-पाच वर्षांत वीस हजारांच्या आसपास घरांना दिवे मिळाले. रॉकेलचा धूर गेला. देशाच्या उत्सर्जनात ही घट मोजण्याइतकीही नाही, परंतु तिच्याविषयी 'नाहीतरी झालेच असते' असे कोणी म्हणू शकणार नाही. सवलत द्यावी ती संपविण्याच्या बेताने, हे तेथे साधले. आमच्या खात्यांना ते क्वचितच साधले.

आता पैशाचा नवा ओघ औरादकडे येतो आहे. औराद परिसरात अडीच हजार मेगावॉट सौर वीज गृहीत धरून ती हैदराबादजवळच्या महेश्वरमकडे नेण्याची पारेषण योजना आखली गेली आहे. माळरानाच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या भाड्याने मागितल्या जात आहेत आणि आपल्यापैकी अनेक कुटुंबांची नावे त्या उताऱ्यांवर आहेत. कित्येकांची चार-चार पिढ्यांची, वाटणी न झालेली. करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो, मालक मराठी वाचणारा, आणि वारसांपैकी दोघे लातूरला तर एक पुण्यात. माझा सल्ला इतकाच, की भाड्याच्या रकमेआधी मुदत, दरवाढीचे कलम आणि मुदतीनंतर पटले व काँक्रीट कोण काढणार हे कलम, ही तीन वाचून घ्यावीत. मिताक्षरेचा वारसा हक्क येथे पुन्हा उपयोगी पडेल.

कार्बनच्या दृष्टीने याहून मोठी संधी मला दुसरीकडे दिसते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. क्लिंकर निम्म्यावर आणून त्याजागी भाजलेली केओलिन माती आणि न भाजलेली चुनखडी मिसळण्याची एक पद्धत स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संस्था आणि दिल्ली व मद्रास येथील आय.आय.टी. यांनी विकसित केली. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये तिला मानकही दिले. माती भाजायला चुनखडीपेक्षा कमी उष्णता लागते आणि मातीतून कार्बन निघत नाही; त्यामुळे सिमेंटमागचे उत्सर्जन तीस ते चाळीस टक्क्यांनी खाली येते. राखेवरही अवलंबून राहावे लागत नाही. उद्या कोळशाची वीज कमी झाली तर राखही कमीच होणार. कमी प्रतीची चुनखडी या मिश्रणात चालते. बीदर जिल्ह्यात कमठाण्याजवळ आणि औरादकडे केओलिनचे साठे असल्याची नोंद आहे. चुनखडी शेजारच्या जिल्ह्यात आहे, आणि बीदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. ते साठे किती मोठे आणि कोणत्या प्रतीचे, याची तपासणी करून घेण्याला एखाद्या रोख्याच्या व्याजाइतकाही खर्च येणार नाही. हरित पैशाने काय करावे असे मला कोणी विचारले, तर मी आधी ही तपासणी सांगेन.

दरम्यान सरकारने दंडाची बाजू हाती घेतली आहे. जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतील २८२ कारखान्यांना उत्सर्जनाच्या तीव्रतेची लक्ष्ये ठरवून देण्यात आली. त्यांतील १८६ सिमेंटचे. २०२३-२४ हे पायाभूत वर्ष, लक्ष्ये २०२५-२६ आणि २०२६-२७ या वर्षांची. जो लक्ष्याहून कमी वायू सोडील त्याला प्रमाणपत्र मिळेल, जो जास्त सोडील त्याने ते विकत घ्यावे, नाहीतर सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई द्यावी. येथेही माप टनामागचेच आहे, एकूणाचे नाही. परंतु एक फरक झाला आहे. कंपनीचा एकत्रित आकडा न देता प्रत्येक कारखान्याचे नाव आणि त्याच्यापुढे त्याचे लक्ष्य राजपत्रात छापले गेले. १८८३ मध्ये ज्या माहितीसाठी अघोरनाथांना संस्थान सोडावे लागले, त्या जातीची ही माहिती आहे, आणि कलबुर्गीच्या कोणत्याही वाचनालयात बसून ती पाहता येते. पहिल्या वर्षाचे तपासलेले आकडे हाती येतील तेव्हा आपल्या जिल्ह्यातील कारखान्यांचे आकडे बाजूला काढून, त्या वर्षीच्या एकूण टनांशी गुणून पाहण्याचे काम आपल्यातील एखाद्या तरुण सभासदाने अंगावर घ्यावे; गुणाकार अवघड नाही.